वही पाहून

आई चीटिंग करते, हे आमच्या फॅमिली ग्रुपवर पहिल्यांदा लिहिलं ते माझ्या मामेभावानं. मार्च २०२२ असेल. आईनं सकाळी साडेसातलाच वर्डलचे चौकोन टाकले होते. दोन प्रयत्नांत शब्द ओळखलेला, दुसरीच ओळ सगळी हिरवी. त्याआधी आठवडाभर ती तीन-चारच्या पुढं गेलीच नव्हती. भावानं लिहिलं, 'आत्या, आज डायरेक्ट दोन? चीटिंग चीटिंग!' आणि पुढं हसून लोळणारे तीन चेहरे. मामानं अंगठा दिला. मावशीनं हसरा चेहरा टाकला. मीही टाकला.

आईनं उत्तर दिलं नाही. दुसऱ्या दिवसापासून तिचे चौकोन यायचे बंद झाले. आठवड्याभरानं मी फोनवर विचारलं तर म्हणाली, "वेळच नाही भेटत." मी विषय सोडून दिला. खरं तर मला तो सोडायचाच होता. का, ते पुढं येईल.

वर्डल कधीच न खेळलेल्यांसाठी थोडक्यात सांगते. रोज एक पाच अक्षरी इंग्रजी शब्द असतो, जगात सगळ्यांना तोच. तो ओळखायला सहा प्रयत्न. तुम्ही टाकलेल्या शब्दातलं अक्षर बरोबर जागी असेल तर घर हिरवं होतं, शब्दात असेल पण जागा चुकली असेल तर पिवळं, नसेलच तर करडं. जोश वार्डल या इंजिनिअरनं हा खेळ आपल्या जोडीदारासाठी, पलक शाह यांच्यासाठी बनवला. इंग्रजीत पाच अक्षरी शब्द बारा-तेरा हजार आहेत. त्यांतले लोकांना ओळखीचे वाटतील असे अडीच हजारांच्या आसपास शब्द पलक यांनीच बाजूला काढले. ऑक्टोबर २०२१मध्ये खेळ सगळ्यांसाठी खुला झाला. १ नोव्हेंबरला तो खेळणारे होते ९० जण, २ जानेवारीला ३ लाख. जानेवारी संपता संपता 'द न्यूयॉर्क टाइम्स'नं तो विकत घेतला.

मधे डिसेंबरमध्ये त्यात एक बटण आलं, निकाल शेअर करायचं. शब्द न सांगता नुसते रंगीत चौकोन पाठवायचे. तोवर हा एकट्यानं खेळायचा खेळ होता. बटण आलं आणि तो आमच्या ग्रुपवर आला. नागपूरचा मामेभाऊ, अमरावतीची मावशी, पुण्यात मी, वर्ध्याला रामनगरात आई-बाबा, सगळे रोज सकाळी चौकोन टाकायला लागलो.

'ओळखीचे' शब्द कुणाच्या ओळखीचे, हा प्रश्न तेव्हाच यायला हवा होता. १२ जानेवारीला उत्तर होतं 'फेवर', अमेरिकन स्पेलिंगचं, म्हणजे 'यू' नसलेलं. ब्रिटिश लोक चिडले. आम्हीही चिडलो, कारण शाळेत घोकताना तो 'यू' आम्ही सोडला असता तर एक मार्क गेला असता. पण ती चीड गमतीची होती. आईला मात्र 'नोल' हा शब्द ओळखीचा कसा असणार? के-एन-ओ-एल-एल. लहानशी टेकडी. मलाही नव्हता.

आईबद्दल थोडं सांगायला हवं. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकली. इंग्रजी पाचवीपासून, तेही पाठांतरानं. बारावीनंतर टायपिंगचा क्लास लावला, चाळीसच्या स्पीडची परीक्षा पास झाली आणि पुढं पंचवीस वर्षं कोर्टाजवळ एका वकिलांकडं टायपिस्ट होती. नोटिसा, अ‍ॅफिडेव्हिट, भाडेकरार, सगळं इंग्रजीत. मजकूर निम्मा कळायचा नाही असं तीच सांगते. हातानं लिहिलेला कागद डाव्या बाजूला ठेवायचा आणि बोटांनी तो टाइप करायचा. इंग्रजी अक्षरं तिच्या बोटांत बसलेली आहेत, तोंडात कधी आली नाहीत. बँकेत किंवा दवाखान्यात कुणी इंग्रजीत काही म्हणालं की ती माझ्याकडं बघते.

आणि मी घरातली 'इंग्रजीवाली'. पुण्यात एका कंपनीत इंग्रजी मजकूर तपासायचं काम करते. दुसऱ्यांच्या चुका काढायचा पगार मिळतो. असं माणूस वर्डलमध्ये हरू शकत नाही, निदान ग्रुपवर तरी.

'नोल'च्या दिवशी माझे पाच प्रयत्न संपले होते. सहाव्याच्या आधी मी गुगलवर टाइप केलं: पाच अक्षरी शब्द, शेवटी दोन एल. असं शोधून देणाऱ्या साइट शेकड्यानं आहेत. कुठलं अक्षर कुठं आहे, कुठलं हवं, कुठलं नको, एवढं भरलं की यादी समोर येते. त्यात जादू काही नाही. तेरा हजार शब्द गुणिले पाच अक्षरं, म्हणजे पासष्ट हजार अक्षरांची एक यादी, आणि तिला लावलेली चाळणी. 'शुभ सकाळ'वालं गुलाबाचं चित्र तुमच्या फोनमध्ये यापेक्षा जास्त जागा खातं. त्या दिवशी माझी सहावी ओळ हिरवी झाली. ग्रुपवर गेलं, ६/६. भाऊ म्हणाला, 'ताई थोडक्यात वाचली.'

पुढं मी पद्धत सुधारली. आधी इनकॉग्निटो विंडोत खेळायचं, कारण तिथं हरलं तरी स्ट्रीक तुटत नाही. गरज पडली तर शब्द शोधायचा. मग खऱ्या विंडोत जाऊन तो बरोबर जागी टाकायचा. दोनमध्ये कधीच नाही. चार, तीन, परत चार, मधेच एखादा पाच, खरं वाटावं म्हणून. हे लिहिताना जेवढं वाईट दिसतंय तेवढं ते करताना दिसत नव्हतं. सकाळच्या चहासोबतचं पाच मिनिटांचं काम होतं.

हे वाचून 'त्यात काय एवढं' असं वाटलं असेल तर मला समजतं. पैसे लागलेले नाहीत, नंबर लागत नाही, समोर प्रतिस्पर्धी नाही. एकट्यानं खेळायच्या खेळात फसवायचं तरी कुणाला? यावर बर्नार्ड सूट्स या तत्त्वज्ञाचं एक चांगलं उत्तर आहे. कॅनडात शिकवायचे ते. 'द ग्रासहॉपर' हे त्यांचं पुस्तक १९७८चं. खेळ म्हणजे काय, तर नसती अडचण आपण होऊन अंगावर घेणं आणि ती ओलांडायचा प्रयत्न करणं, असं ते मांडतात. गोल्फमध्ये चेंडू खड्ड्यात जायला हवा एवढंच असेल तर हातानं नेऊन टाकला तरी जातो. पण मग ते गोल्फ उरत नाही. आपल्याकडं लंगडी घ्या. दुसरा पाय टेकवला की पकडणं किती सोपं! पण पाय टेकवणारा लंगडीत लबाडी करून जिंकत नाही. त्या क्षणी तो लंगडी खेळतच नसतो.

वर्डलला हे अगदी चपखल बसतं. सुरुवातीच्या वर्डलमध्ये पुढच्या सगळ्या दिवसांची उत्तरं पानाच्या कोडमध्येच ओळीनं लिहिलेली होती. कोड उघडून बघता येणाऱ्याला ती दिसायची. म्हणजे उत्तर कुणी तिजोरीत ठेवलेलं नव्हतं. ते तुमच्या हातातल्या फोनमध्येच होतं आणि आपण त्याच्याकडं पाठ करून बसायचं, एवढाच खेळ. यादी बघितली की चोरी होत नाही, खेळ थांबतो. मी ग्रुपवर खेळाचा निकाल टाकत होते, आणि खेळ तर मी खेळलेच नव्हते.

सूट्सच्या उत्तरानं माझं काय चुकलं ते कळतं. आईच्या बाबतीत मात्र ते पुरत नाही.

दिवाळीला घरी गेले तेव्हा फराळाच्या डब्यांमागं एक वही सापडली. दोनशे पानी, आखीव, वर कुठल्याशा पतसंस्थेचं कॅलेंडर कापून घातलेलं कव्हर. आत तारखा, आणि प्रत्येक तारखेखाली इंग्रजी शब्दांची ओळ. ठळक टाइप केल्यासारखं अक्षर. एका पानावर डोक्याशी लिहिलं होतं: तिसरं ओ, शेवटी वाय, आत आर पाहिजे. खाली सहा शब्द: ग्लोरी, स्टोरी, आयव्हरी, क्रोनी, आयरनी, प्रॉक्सी. पहिल्या दोघांपुढं काही नाही, ते येत होते. आयव्हरीपुढं 'हस्तिदंत'. क्रोनीपुढं 'जिवलग, पण वाईट अर्थानं'. प्रॉक्सीपुढं 'मुखत्यार, सरांकडं यायचा', सर म्हणजे तिचे वकील. आयरनीपुढं 'लोखंडासारखं?' असं प्रश्नचिन्हासकट, मग ते खोडून, वेगळ्या शाईत, 'नाही. उलटंच घडणं.' वही आधीच भरत आली होती. शेवटच्या पानावर आदल्याच दिवशीची तारीख होती. म्हणजे चौकोन टाकायचे बंद झाले होते, खेळ नाही.

मी जुनी पानं चाळली. 'नोल'पुढं लिहिलं होतं, 'टेकडी. गिरडसारखी, पण लहान.' गिरडची टेकडी आमच्याच जिल्ह्यातली, समुद्रपूर तालुक्यातली, शेख फरीदबाबांच्या दर्ग्याची. लहानपणी आम्ही तिथं एसटीनं गेलो होतो. ज्या शब्दानं मला खोटं बोलायला शिकवलं तो हिच्या वहीत अर्थासकट, जागेसकट बसला होता. मला आजही 'नोल' म्हटलं की सहाव्या ओळीतली हिरवी घरंच आठवतात.

शब्द अर्थाशिवायही जिंकून देतात हे मला माहीत होतं. नायजेल रिचर्ड्स हा न्यूझीलंडचा स्क्रॅबलपटू २०१५मध्ये फ्रेंच स्क्रॅबलचा जगज्जेता झाला, आणि त्याला फ्रेंच येत नव्हतं. त्यानं काही आठवडे फ्रेंच शब्दांची यादी नुसती पाठ केली होती. २०२४मध्ये त्यानं हेच स्पॅनिशमध्ये केलं. त्याला कुणी लबाड म्हणत नाही, म्हणूही नये, कारण यादी त्यानं डोक्यात नेली आणि पाटासमोर बसून तिथूनच काढली. पण त्याच्या डोक्यातला शब्द आणि माझ्या आईच्या वहीतला शब्द या दोन वेगळ्याच गोष्टी आहेत. पंचवीस वर्षं ती स्वतः रिचर्ड्ससारखीच होती, अक्षरं बिनचूक आणि अर्थ बाहेर. आता निवृत्तीनंतर ती उलट्या दिशेनं निघाली होती.

अक्षरांवरून शब्द शोधायची सोय काही नवीही नाही. संस्कृतात विश्वप्रकाश, मेदिनी असे जुने कोश आहेत. अनेक अर्थांच्या शब्दांचे. त्यांत शब्द लावलेत ते शेवटच्या व्यंजनाप्रमाणं. क शेवटी असणारे एका जागी, ख शेवटी असणारे पुढं, आणि त्यातही दोन अक्षरी, तीन अक्षरी असे गट. शेवटाला अमुक व्यंजन हवं, इतकीच अक्षरं हवीत, असं शोधणाऱ्याच्या सोयीची मांडणी. असा कोश मांडीवर घेऊन बसणाऱ्याला तेव्हा कुणी चीटर म्हटलं असेल असं वाटत नाही.

"आई, हे तू त्या साइटवरून काढते का?" मी विचारलं.

"हो. पाहू नये असं कुठं लिहिलं आहे?"

लिहिलेलं खरंच नाही. वर्डलच्या नियमांत फक्त सहा प्रयत्न आणि तीन रंग आहेत.

"मग ग्रुपवर सांगितलं काहून नाही?"

"कोणं विचारलं? तो तं सीधा चीटिंगच म्हणाला." मग शेवेच्या डब्याचं झाकण लावत म्हणाली, "अन् तुम्ही सारे डोक्यातून काढता. मले वाटलं, आपल्याच डोक्यात नाही."

तिथं मला गांधीजींची केटल आठवली. वर्ध्यात वाढलेल्या माणसाला गांधी आठवणं हे जरा जास्तच ठरल्यासारखं आहे, मला कळतं. सेवाग्रामच्या सहली आम्ही इतक्या केल्यात की बापूकुटीच्या दाराची उंची मी डोळे मिटून सांगेन. पण ही गोष्ट आमच्या शाळेत दर २ ऑक्टोबरला कुणीतरी सांगायचंच, आणि ती मी तोवर चुकीची ऐकत आले होते.

गोष्ट 'सत्याचे प्रयोग'मधली आहे. राजकोटच्या हायस्कुलातलं पहिलं वर्ष. जाइल्स नावाचे इन्स्पेक्टर तपासणीला आले आणि त्यांनी पाच इंग्रजी शब्द लिहायला सांगितले. त्यांतला एक केटल. मोहनदासनं स्पेलिंग चुकवलं. शिक्षकांनी बुटाच्या टोकानं खुणावलं, शेजारच्याच्या पाटीवर बघ. त्याच्या ते डोक्यातच आलं नाही. कॉपी होऊ नये म्हणून शिक्षक उभे असतात, अशी त्याची समजूत. ज्या केटलवर तो अडखळला ती आपल्याकडं किटली होऊन प्रत्येक टपरीवर आली, आणि देवनागरीत ती लिहायला कुणाला पाटी बघावी लागत नाही. जसं ऐकलं तसं लिहिलं. डबल टी कुठं, ई कुठं, ही भानगड ज्या भाषेत आहे तिच्यातच स्पेलिंगची परीक्षा आणि स्पेलिंगचे खेळ होतात. आपण तिला रोजच्या मराठीत स्पेलिंगच म्हणतो, दुसरा शब्द आपल्याला लागलाच नाही.

शाळेत या गोष्टीचा अर्थ असा सांगायचे: गांधीजींनी कॉपी केली नाही, तुम्हीही करू नका. गोष्टीत त्याच्या पुढचंही आहे. बाकी सगळ्या मुलांचे पाचही शब्द बरोबर आले. मूर्ख ठरला तो एकटा. नंतर शिक्षकांनी त्याला तो मूर्खपणा समजावूनही दिला.

वर्गात किती मुलांनी शेजारची पाटी बघितली ते पुस्तकात नाही. ज्यांना खरंच केटल येत होतं तीही काही असतील. पण इन्स्पेक्टरांनी बघितलं ते एवढंच, की केटल सगळ्यांना येतं आणि या एकाला येत नाही. कॉपीनं नुकसान इन्स्पेक्टरांचं झालं नाही. ते खूश होऊन गेले असतील. शिक्षकांचं नाही, पाटी बघणाऱ्यांचंही नाही. ज्यानं पाटी बघितली नाही तो ढ ठरला. बाकीच्यांच्या बरोबर उत्तरांनी त्याला ढ केलं.

माझे ३/६ आणि ४/६ यांनी हेच केलं होतं. ते माझ्याबद्दल काही सांगत होते असं मी समजत होते. ते आईला सांगत होते, की 'नोल' हा शब्द घरातल्या माणसांच्या डोक्यात असतो. बघ, पोरीच्या आहे. तुझ्या नाही.

एकट्यानं खेळायच्या खेळात कुणाला फसवायचं, या प्रश्नाचं हे उत्तर मला सूट्सकडं मिळालं नव्हतं. फसवला जातो तो पुढचा माणूस, ज्याला वाटतं की आपणच तेवढे कमी आहोत. आणि हे वर्डलपुरतं नाही. माझ्या ऑफिसात मराठी शाळांतून आलेले निदान सात-आठ जण आहेत. मेल पाठवायच्या आधी प्रत्येक जण प्रत्येक वाक्य कुठंतरी टाकून तपासतो, आता तर एआयकडून लिहूनच घेतो. कुणी कुणाला सांगत नाही. त्यामुळं प्रत्येकाला वाटतं की बाकीच्यांना हे असंच येतं, बसल्या जागी. नवीन लागलेली मुलगी आमचे मेल वाचते आणि मीटिंगमध्ये तोंड उघडत नाही.

याला कुणी असं म्हणेल, आणि माझ्या मनात हे बरेच दिवस होतं, की आईला यादी बघायचा हक्कच आहे. भावाच्या डोक्यातही यादीच आहे, फक्त ती त्याच्या कॉन्व्हेंटच्या फीमधून आली. आईची फुकटच्या साइटवरून आली. 'डोक्यातून काढा' हा नियम ज्यांच्या डोक्यात घरबसल्या भरलं गेलं त्यांच्या सोयीचा. यात खरं आहे, पण सगळं खरं नाही. उन्हाळ्यात आम्ही नाव-गाव-फळ-फूल खेळायचो तेव्हा हाच भाऊ 'गाव'ला अडायचा. आ आला की आम्ही आर्वी आणि आष्टी लिहून मोकळे, तो नागपूरचा पोट्टा पेन चावत बसायचा. एकदा त्यानं 'आंबेवाडी' असं ठोकून दिलं. असेलही कुठंतरी, पण तो ती बघून आला नव्हता. आम्ही शून्य दिला. प्रत्येक खेळ कुणाच्या तरी अंगणातला असतो, आणि परक्या अंगणात खेळायचं तर जास्त धावावं लागतं. तेवढ्यानं नियम खोटा होत नाही. आई जास्तच धावत होती. तिनं लपवायला नको होतं, हे मला तरीही वाटतं. पण तिनं का लपवलं ते माझ्यामुळं होतं, त्यामुळं हे वाक्य मी फार जोरात म्हणू शकत नाही.

बाबांची गोष्ट वेगळी. ते वर्डलच्या वाटेला गेले नाहीत. ते पेपरातलं शब्दकोडं सोडवतात, पेन्सिलनं. मराठी कोड्यात घरात अख्खं अक्षर बसतं, काना-मात्रेसकट, आणि सुरुवात अर्थापासून होते. सापाचं एक नाव, तीन अक्षरी, शेवटी ग. भुजंग की पन्नग की उरग? आडव्या शब्दाशी जुळेपर्यंत कळत नाही. मग ते काकांना फोन लावतात. काका शेजारच्या निवृत्त गुरुजींना विचारतात. दुपारपर्यंत चार घरांत तो साप फिरून येतो. याला चीटिंग म्हणायचं कुणाच्या स्वप्नातही आलं नाही. अडलं ते दुसऱ्याकडून घेतलं, हे तर मीही केलं आणि आईनंही. पण बाबा विचारतात तेव्हा काकांना कळतं की बाबांना आलं नाही, आणि काकांना आलं नाही हे गुरुजींना कळतं. न येणं चार घरांत वाटलं जातं आणि कुणाच्याच वाट्याला फार येत नाही. साइटला विचारलं की कुणालाच कळत नाही. लाज वाचते. पण मग प्रत्येकाचं न येणं प्रत्येकाकडंच राहतं.

आमच्या गावात २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ला एक शिक्षण परिषद भरली होती. गांधीजी अध्यक्ष. पुढं झाकिर हुसेन समितीनं जो आराखडा केला त्याला वर्धा योजना म्हणतात: सात वर्षांचं मोफत शिक्षण, मातृभाषेतून, हातांनी करायच्या कामाभोवती. त्या सात वर्षांत इंग्रजी नव्हतं. ती योजना पुढं कशी विरली हे इथं सांगत बसत नाही. एवढंच, की ज्या गावात हा विचार झाला त्याच गावात माझी आई हातांनी करायचं काम म्हणून इंग्रजी टाइप करत राहिली, न कळणाऱ्या भाषेत, बिनचूक, आणि तरी तिला आयुष्यभर वाटत राहिलं की आपल्यालाच येत नाही. दहा बोटांनी न बघता टाइप करणारं ग्रुपवर दुसरं कुणीही नाही. हे तिला कुणी कधी सांगितलं नाही. मीही नाही.

परत निघाले तेव्हा स्टेशनवर गाडी पाऊण तास लेट होती. बाबा पाण्याची बाटली आणायला गेले. मी आईला म्हटलं, "मी पण पाहते."

"काय?"

"शब्द. साइटवर. पहिल्यापासून."

ती थोडा वेळ माझ्याकडं बघत राहिली. "तू? तू तं इंग्रजीचंच काम करते."

मी इनकॉग्निटोचं सांगितलं. चार, तीन, मधेच पाच, हेही सांगितलं. तिला ते समजायला वेळ लागला. मला वाटलं ती हसेल. कुणालाही हसू यावं असंच आहे ते.

ती म्हणाली, "मंग तेव्हा हसली काहून?"

त्या हसऱ्या चेहऱ्याबद्दल विचारत होती. सात-आठ महिने झाले होते. मी म्हटलं, सगळे हसत होते. ते खरं होतं, पण त्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं, आणि ते आम्हा दोघींनाही कळलं. बाबा बाटली घेऊन आले. गाडीची घोषणा झाली.

डिसेंबरात तिचे चौकोन परत यायला लागले. खाली दोन शब्द असतात, रोज: 'वही पाहून.' कधी कधी नसतात, तेव्हा समजायचं की डोक्यातून आलंय. भावानं पहिल्या दिवशी विचारलं, 'आत्या, कसली वही?' तिनं एका पानाचा फोटो टाकला. त्यानं बराच वेळ काही लिहिलं नाही. मग लिहिलं, 'क्रोनीचा अर्थ मला माहीत नव्हता.' मावशी आता तिला फोन करून विचारते, आज आर कुठं बसतो गं.

मी चौकोन टाकणं बंद केलं होतं आणि कारण सांगितलं नव्हतं. कामाचा ताण आहे असं सगळे समजत होते.

हा मजकूर मी आईला फोनवर वाचून दाखवला. आयरनीचं ठेवू का विचारलं तर म्हणाली, ठेव, तेव्हा तसंच वाटलं होतं. ग्रुपवर लिंक टाक म्हणाली. सबंध लेखात तिनं चूक काढली ती एकच. मी तिचा टायपिंगचा स्पीड तीस लिहिला होता. तो चाळीस होता. वर दुरुस्त केलाय.